दूर म्हणजे किती? दिल्ली ते सॅन फ्रान्सिस्को : अंतर, वेळ आणि वाट



ज्यांच्या स्मरणार्थ ही व्याख्यानमाला चालते, ते आपले गुरुजी या शाळेत भूगोल शिकवीत असत. मराठीच्या प्राध्यापकाने त्यांच्या स्मृतिव्याख्यानासाठी संतवाङ्मय किंवा बखरी असा एखादा विषय निवडावा, अशी अपेक्षा असणे स्वाभाविक आहे. मी मात्र आज भूगोलाचाच एक प्रश्न घेऊन आपल्यापुढे उभा आहे. दोन दूरच्या शहरांमध्ये अंतर किती आणि विमानाने तेथे पोहोचण्यास वेळ किती लागतो, हा तो प्रश्न. वरवर पाहता तो पाचवीच्या अंकगणितातला वाटतो. अंतराला वेगाने भागावे, वेळ हाती येतो. परंतु हे गणित प्रत्यक्षात सुटत नाही, आणि ते का सुटत नाही हे समजून घेणे मोठे उद्बोधक आहे.

उदाहरणादाखल मी दिल्ली आणि सॅन फ्रान्सिस्को ही दोन शहरे घेतो. आपल्या शाळेचे कितीतरी विद्यार्थी आज कॅलिफोर्नियात आहेत आणि इंदूरहून तिकडे निघालेला माणूस बहुधा दिल्ली किंवा मुंबई गाठूनच पुढे जातो, म्हणून ही निवड. माझे प्रतिपादन थोडक्यात असे : अंतर आपण किलोमीटरांत मोजतो, पण भोगतो ते वेळात, आणि हा वेळ केवळ अंतरातून निघत नाही. पृथ्वीचा गोलवा, वारा, डोंगर, राज्यकर्त्यांची परवानगी आणि घड्याळ या पाच गोष्टी मिळून तो ठरवतात. गंमत अशी की, आपल्या जुन्या भाषेला ही गोष्ट चांगली ठाऊक होती.

मजल, कोस आणि घटका

जुन्या मराठीत अंतर मोजणारे शब्द पाहिले तर त्यांतले बरेचसे प्रवाशाच्या चालण्यातून आणि थांबण्यातून आलेले दिसतात. ‘मजल’ म्हणजे एका दिवसात कापता येईल तेवढी वाट. हा शब्द अरबीतून आला आणि ‘मजल दरमजल’ करीत मराठीत कायमचा राहिला. ‘पेणे’ म्हणजे वाटेवरचा मुक्काम. ‘टप्पा’ म्हणजे एका दमात गाठायचे ठिकाण. ‘कोस’ सामान्यतः दोन मैलांचा धरीत असले तरी प्रांतोप्रांती तो कमीजास्त होत असे. ‘दोन घटकांची वाट’ हा तर सरळसरळ वेळाचाच हिशेब झाला. घटका म्हणजे चोवीस मिनिटे. आणि ‘हाकेच्या अंतरावर’ म्हणताना आपण माणसाच्या आवाजानेच जमीन मोजतो.

या मोजणीत एक शहाणपण होते. आपले पूर्वज दक्षिणेतून या माळव्यात आले, तेव्हा पुणे ते इंदूर हे अंतर त्यांच्या लेखी बारा महिने सारखे नव्हते. पावसाळ्यात नद्या दुथडी भरल्या की वाटा बंद होत. म्हणून दसऱ्याला सीमोल्लंघन करून मोहिमेस निघण्याचा प्रघात पडला. आषाढातले इंदूर पुण्यापासून जितके दूर, तितके मार्गशीर्षातले नव्हे. शिवाय नुसते चालून भागत नसे. परमुलखातून जायचे तर ‘दस्तक’, म्हणजे रहदारीचा परवाना, जवळ बाळगावा लागे. वाट, ऋतू आणि दस्तक या तिन्हींचा मेळ बसला म्हणजे मग मजल.

विष्णुभट गोडसे १८५७ साली कोकणातल्या वरसईहून उत्तर हिंदुस्थानाकडे पायी निघाले. महूच्या परिसरात येईतो बंडाची वार्ता त्यांना भेटली आणि पुढे झाशीच्या वेढ्यात ते अडकून पडले. घरी परतेपर्यंत सुमारे तीन वर्षे लोटली होती. वरसई आणि झाशी यांच्यातले किलोमीटर त्या काळात बदलले नव्हते. परंतु परतीची वाट किती मोठी झाली, हे ‘माझा प्रवास’ वाचणाऱ्यास सांगावयास नको. हा धागा मनात ठेवून आता आपण आकाशात जाऊ. तेथेही वाट आहे, ऋतू आहे आणि दस्तकही आहे.

गोलावरची सरळ रेषा

प्रथम वाट. दिल्ली २८½ अंश उत्तर अक्षवृत्ताजवळ आहे आणि सॅन फ्रान्सिस्को ३७½ अंशांजवळ. भिंतीवरच्या नकाशात दिल्ली उजवीकडे व सॅन फ्रान्सिस्को डाव्या कडेला दिसते. साहजिकच वाटते की, विमान पश्चिमेकडे निघून युरोप आणि अटलांटिक ओलांडून जात असेल, नाहीतर पूर्वेला चीन, जपान व पॅसिफिक ओलांडून. दोन्ही वाटा आहेत, पण सर्वांत जवळची वाट या दोहोंपैकी एकही नाही.

गुरुजी वर्गात पृथ्वीगोल घेऊन येत आणि सोबत सुताचा एक तुकडा. दोन शहरांवर सुताची दोन टोके धरून ते ताणले की सूत स्वतःच जवळची वाट दाखवते. दिल्ली आणि सॅन फ्रान्सिस्को यांच्यामध्ये असे सूत ताणून पाहा. ते ना पूर्वेला जाते ना पश्चिमेला. दिल्लीहून ते जवळजवळ उत्तरेकडे चढते, किंचितसे पूर्वेला झुकून. हिमालय, तिबेट, सायबेरिया असे करीत ते आर्क्टिक महासागरावर पंचाहत्तर अंश अक्षवृत्ताच्याही वर जाते आणि मग अलास्कावरून उतरत कॅलिफोर्नियाच्या किनाऱ्याला लागते. गोलाच्या केंद्रातून जाणाऱ्या प्रतलाने गोलाच्या पृष्ठावर जे वर्तुळ उमटते, त्याला बृहत् वृत्त म्हणतात. गोलावरच्या कोणत्याही दोन ठिकाणांमधली लघुतम वाट या वृत्ताचा कंस असते. या कंसाने दिल्ली ते सॅन फ्रान्सिस्को हे अंतर सुमारे १२,४०० किलोमीटर भरते. विषुववृत्तावर पृथ्वीचा घेर ४०,०७५ किलोमीटर आहे. म्हणजे ही वाट जवळपास पृथ्वीच्या घेराच्या एकतृतीयांश एवढी झाली.

भिंतीवरचा नकाशा आपल्याला का फसवतो? गेरार्डस मर्केटर याने १५६९ साली जो नकाशा रचला, तो दर्यावर्दींसाठी होता. एकच दिशा धरून जाणारी गलबताची वाट त्यावर सरळ रेषेने काढता यावी, हा त्याचा हेतू आणि तो सफळही झाला. पण गोलाची साल सपाट पसरायची तर कोठेतरी ताणावी लागतेच. मर्केटरने ती ध्रुवांकडे ताणली. त्यामुळे त्याच्या नकाशात ग्रीनलंड आफ्रिकेएवढे दिसते, जेव्हा आफ्रिका त्याच्या सुमारे चौदा पट मोठी आहे. ध्रुवाजवळून जाणारी जवळची वाट त्या नकाशावर लांबलचक कमानीसारखी दिसते आणि लांबची वाट सरळ दिसते. नकाशा खोटा नव्हे; तो वेगळ्या कामासाठी केलेला आहे, एवढेच.

सरळ वाटेवरची नाकी

वाट सापडली, पण तिच्यावरून विमान सहसा जात नाही. पहिली अडचण डोंगराची. प्रवासी विमान दहा-अकरा किलोमीटर उंचीवरून जाते, तेव्हा हिमालय त्याच्या पायाशी असतो; मग डोंगराचे भय कसले? भय आहे ते संकटकाळचे. विमानातला हवेचा दाब एकाएकी गेला तर वैमानिकाला तातडीने सुमारे तीन हजार मीटरपर्यंत खाली यावे लागते, कारण प्रवाशांच्या डोक्यावरच्या मुखवट्यांतून मिळणारा प्राणवायू साधारणपणे पंधरा-वीस मिनिटेच पुरतो. आता तिबेटच्या पठाराची सरासरी उंचीच साडेचार हजार मीटरांच्या घरात आहे. खाली यावे तर जागाच नाही. म्हणून नेहमीच्या विमानमार्गांनी तिबेटला वळसा घातलेला दिसतो.

दुसरी अडचण थंडीची आणि एकाकीपणाची. विमानात वापरतात ते इंधन उणे ४७ अंश सेल्सिअसच्या सुमारास गोठू लागते, आणि ध्रुवप्रदेशावर बाहेरचे तापमान याहूनही खाली जाऊ शकते. त्यामुळे इंधनाच्या तापमानावर सतत नजर ठेवावी लागते. शिवाय दोन इंजिनांच्या विमानाला नियम असा की, एक इंजिन बंद पडले तर दुसऱ्याच्या बळावर ठरावीक मिनिटांत गाठता येईल असा विमानतळ वाटेत कोठेही असलाच पाहिजे. हा नियम कशासाठी, ते जून २०२३ मध्ये सर्वांनी पाहिले. दिल्लीहून सॅन फ्रान्सिस्कोला निघालेले एअर इंडियाचे विमान इंजिनातील बिघाडामुळे रशियाच्या अतिपूर्वेकडील मगादान या गावी उतरवावे लागले. प्रवासी सुखरूप होते. दुसरे विमान पाठवून त्यांना पुढे नेण्यात आले. नकाशावरचा एक ठिपका त्या दिवशी शेकडो लोकांची धर्मशाळा झाला.

तिसरी अडचण दस्तकाची. समुद्र किनाऱ्यापासून काही अंतरावर सर्वांचा होतो. आकाश तसे नाही. ७ डिसेंबर १९४४ रोजी शिकागो येथे जो आंतरराष्ट्रीय करार झाला, त्याच्या पहिल्याच कलमाने प्रत्येक राष्ट्राचे आपल्या भूमीवरील आकाशावर पूर्ण सार्वभौमत्व मान्य केले. तेव्हापासून कोणत्याही देशाच्या आकाशातून जायचे तर परवानगी हवी, आणि बहुतेक ठिकाणी पैसाही मोजावा लागतो. जुन्या जकातनाक्यांची ही नवी आवृत्ती म्हणावी. शीतयुद्धाच्या काळात सोव्हिएत आकाश बहुतांशी बंद असल्यामुळे युरोपातून जपानकडे जाणारी अनेक विमाने अलास्कातील अँकरेजला थांबून जात. पुढे ते आकाश खुले झाले. २०२२ साली युक्रेनयुद्ध सुरू झाल्यावर रशियाने युरोपीय विमान कंपन्यांना पुन्हा मनाई केली आणि हेलसिंकी ते टोकियो हा साडेनऊ तासांच्या आसपासचा प्रवास एकाएकी तेरा तासांचा झाला. हेलसिंकी हलले नाही, टोकियो हलले नाही. अंतर मात्र वाढले.

आपल्याकडचा अनुभव याहून जवळचा आहे. २०१९ मध्ये पाकिस्तानचे आकाश काही महिने बंद होते. एप्रिल २०२५ मध्ये ते भारतीय विमानांना पुन्हा बंद झाले. दिल्लीहून पश्चिमेकडे जाणाऱ्या विमानांना दक्षिणेकडून वळसा घालावा लागला, इंधन अधिक लागले आणि उत्तर अमेरिकेच्या काही उड्डाणांना इंधनासाठी वाटेत युरोपात थांबावे लागले. वरसईच्या भटजींना परमुलखातल्या धामधुमीमुळे वाट वाकडी करावी लागली होती. आकाशातही तो न्याय चुकलेला नाही.

वाऱ्याचे देणेघेणे

आता ऋतूचा, म्हणजे वाऱ्याचा विचार करू. या भागातच माझ्या विषयाचा गाभा आहे.

ऑक्टोबर २०१६ मध्ये एअर इंडियाने दिल्ली–सॅन फ्रान्सिस्को विमानाची वाट बदलली. डिसेंबर २०१५ मध्ये ही थेट सेवा सुरू झाली, तेव्हा विमान युरोप व अटलांटिकवरून जात असे. ती वाट सुमारे १३,९०० किलोमीटरांची होती. नवी वाट पॅसिफिकवरून, सुमारे १५,३०० किलोमीटरांची. म्हणजे वाट चौदाशे किलोमीटरांनी वाढली, आणि वेळ? तो जवळजवळ दोन तासांनी घटला! विमान साडेचौदा तासांत पोहोचले. पाचवीच्या गणिताने हे अशक्य आहे. पण १५,३०० ला साडेचौदाने भागून पाहा : ताशी सुमारे १,०५५ किलोमीटर. प्रवासी विमान स्वतःच्या इंजिनाच्या बळावर ताशी नऊशेच्या आसपास जाते. वरचे दीडशे कोणी दिले? वाऱ्याने दिले.

तपांबराच्या माथ्याशी, नऊ ते बारा किलोमीटर उंचीच्या पट्ट्यात, पश्चिमेकडून पूर्वेकडे वाहणारे अतिवेगवान वारे आहेत. त्यांना जेट प्रवाह म्हणतात. त्यांचा वेग ताशी दीडशे-दोनशे किलोमीटर असणे नित्याचे, आणि हिवाळ्यात कधी तीनशेच्याही वर जातो. जपानी हवामानशास्त्रज्ञ वासाबुरो ओइशी यांनी १९२० च्या दशकात लहान फुगे आकाशात सोडून या वाऱ्यांचे मोजमाप केले. जगाला कळावे म्हणून त्यांनी आपला अहवाल १९२६ साली एस्पेरांतो या कृत्रिम जागतिक भाषेत प्रसिद्ध केला. परिणाम असा झाला की तो फारसा कोणी वाचला नाही. १९४४ मध्ये जपानवर उंचावरून जाणाऱ्या अमेरिकी बॉम्बफेकी विमानांना समोरून येणाऱ्या या वाऱ्याने जागच्या जागी थोपवल्यासारखे केले, तेव्हा त्याची प्रचीती आली. भाषेचा अभ्यासक म्हणून मला या हकिकतीचे विशेष वाटते. ज्ञान असणे पुरत नाही, ते वाचणाऱ्याच्या भाषेत असावे लागते.

येथे एका समजाचा निरास केला पाहिजे. पुष्कळजण म्हणतात, पृथ्वी पश्चिमेकडून पूर्वेकडे फिरते, तेव्हा विमान नुसते वर थांबले तरी खालून अमेरिका यायला हवी. तसे होत नाही, कारण पृथ्वीभोवतीचे वातावरणही पृथ्वीबरोबरच फिरत असते. धावत्या आगगाडीत उडालेली माशी मागच्या भिंतीवर आपटत नाही, तसेच हे. पृथ्वीच्या भ्रमणाचा परिणाम होतो, पण आडवळणाने. विषुववृत्ताकडची उष्ण हवा ध्रुवाकडे निघते आणि पृथ्वीच्या फिरण्यामुळे पूर्वेकडे वळते. त्यातूनच जेट प्रवाह तयार होतो.

या वाऱ्यामुळे एकाच वाटेची जाण्याची लांबी व येण्याची लांबी वेगळी होते. लंडन ते न्यूयॉर्क हे अंतर सुमारे ५,५४० किलोमीटर. तिकडे जाताना वारा तोंडावर, म्हणून साडेसात-आठ तास. परतताना तोच वारा पाठीशी, म्हणून साडेसहा-सात. फेब्रुवारी २०२० मध्ये अटलांटिकवर मोठे वादळ असताना न्यूयॉर्कहून निघालेले ब्रिटिश एअरवेजचे एक विमान ४ तास ५६ मिनिटांत लंडनला पोहोचले. खाली लोक वादळाने हैराण झाले होते. वरच्यांना त्याच वादळाने लवकर घरी पोहोचवले. नावाड्यांना ही विद्या पूर्वीपासून अवगत होती. अरबी समुद्रातले तांडेल मोसमी वाऱ्याची दिशा पाहूनच शिडे उभारीत. विमानाचा मार्ग आखणारा अधिकारी रोज नव्याने तेच करतो. दिल्लीहून निघणारे विमान काल ज्या वाटेने गेले, त्याच वाटेने आज जाईल असे नाही.

दिल्लीहून जाताना पॅसिफिक आणि येताना अटलांटिक धरला की दोन्ही वेळा तोंड पूर्वेकडे, दोन्ही वेळा वारा पाठीशी, आणि घरी परतेपर्यंत पृथ्वीप्रदक्षिणा पुरी. प्रदक्षिणेचे पुण्य किती ते शास्त्री सांगोत. इंधन वाचते एवढे खरे. आणि ते वाचणे महत्त्वाचे आहे. एवढ्या लांबच्या उड्डाणासाठी टाक्या पूर्ण भरल्या की विमानाच्या एकूण वजनापैकी सुमारे चाळीस टक्के वजन इंधनाचेच होऊ शकते. बरेचसे इंधन, उरलेले इंधन वाहून नेण्यातच खर्ची पडते.

घड्याळाचा खेळ

समजा, विमान हिवाळ्यात रविवारी पहाटे चार वाजता दिल्लीहून निघाले आणि सोळा तास उडाले. आपल्या घड्याळात रविवारचे रात्रीचे आठ वाजले. परंतु सॅन फ्रान्सिस्कोचे घड्याळ हिवाळ्यात आपल्या मागे साडेतेरा तास असते. तेथे रविवारचीच सकाळ आहे, साडेसहाची. तिकिटावरच्या वेळा वजा केल्या तर प्रवास अडीच तासांचा! परतताना हा उधार घेतलेला वेळ सव्याज फेडावा लागतो. रविवारी सकाळी दहाला तेथून निघालेला माणूस सोळा तास उडून सोमवारी दुपारी साडेतीनला दिल्लीत उतरतो. हिशेब साडेएकोणतीस तासांचा दिसतो. मार्च ते नोव्हेंबर या काळात अमेरिकेची घड्याळे तासभर पुढे केलेली असतात, म्हणून तेव्हा हा फरक साडेबारा तासांचा.

म्हणून उड्डाणकाळ काढताना दोन्ही वेळा आधी एकाच घड्याळात आणाव्यात आणि मगच वजाबाकी करावी. ज्यूल व्हर्नच्या ‘ऐंशी दिवसांत पृथ्वीप्रदक्षिणा’ या कादंबरीचा नायक पूर्वेकडे जात राहिल्याने एक दिवस कमावतो आणि पैज जिंकतो, ती सारी किमया आंतरराष्ट्रीय वाररेषेची. घड्याळ फसवत नाही. ते ज्या गावचे, त्या गावचा सूर्य सांगते.

वेग वाढला आणि थांबला

डॉ. आनंदीबाई जोशी ७ एप्रिल १८८३ रोजी कलकत्त्याहून बोटीने निघाल्या आणि लंडनमार्गे ४ जून रोजी न्यूयॉर्कला पोहोचल्या. अठरा वर्षांची मुलगी, जवळजवळ दोन महिने पाण्यावर. त्याआधी १८६९ साली सुवेझचा कालवा खुला झाला होता आणि हिंदुस्थान व युरोप यांतले सागरी अंतर सुमारे सात हजार किलोमीटरांनी कमी झाले होते; नाहीतर आफ्रिकेला वळसा होताच. ८ जून १९४८ रोजी एअर इंडिया इंटरनॅशनलचे ‘मलबार प्रिन्सेस’ हे विमान मुंबईहून कैरो व जिनिव्हा येथे थांबत लंडनला गेले. १९६० साली बोइंग ७०७ हे जेट विमान लंडनमार्गे न्यूयॉर्कला जाऊ लागले. आनंदीबाईंनंतर पाऊणशे वर्षांत दोन महिन्यांचा एक दिवस झाला होता.

आश्चर्याची गोष्ट पुढची आहे. १९६० पासून आजपर्यंत प्रवासी विमानाचा वेग फारसा वाढलेला नाही. ध्वनीच्या वेगाजवळ गेले की हवेचा विरोध एकदम वाढतो आणि इंधनाचा खर्च परवडेनासा होतो. ध्वनीहून दुप्पट वेगाचे काँकॉर्ड १९७६ पासून प्रवासी नेत होते. लंडन–न्यूयॉर्क साडेतीन तासांत. २००३ साली तेही थांबले. गेल्या साठ वर्षांत कमी झाले ते वाटेतले मुक्काम. जानेवारी २०२१ मध्ये एअर इंडियाच्या महिला वैमानिकांनी सॅन फ्रान्सिस्कोहून उत्तर ध्रुवावरून बंगळूरपर्यंत सुमारे चौदा हजार किलोमीटर, वाटेत कोठेही न उतरता विमान आणले. मजला गेल्या, चाल तीच राहिली.

उड्डाणकाळ आणि प्रवासकाळ

मित्रहो, हा सगळा विचार मी केवळ बुद्धीच्या करमणुकीसाठी मांडलेला नाही. या सभागृहात माझ्या वयाची जी मंडळी बसली आहेत, त्यांच्यापैकी अनेकांची मुले परदेशी आहेत. घरात रात्री-अपरात्री कोणाचे बरेवाईट झाले की पहिला फोन तिकडे जातो आणि पहिला प्रश्न येतो : “पोहोचायला किती वेळ लागेल?” त्या उत्तरावर पुढचे सर्व अवलंबून असते. थांबायचे, की थांबायचे नाही.

अशा वेळी ‘सोळा तासांचे विमान आहे’ हे उत्तर अपुरे ठरते. घरापासून विमानतळ एक तास. तीन तास आधी हजेरी. सोळा तासांचे उड्डाण. दिल्लीत पारपत्राची तपासणी, सामान आणि पुढच्या विमानाची वाट पाहणे मिळून चार तास. दिल्ली ते इंदूर सुमारे दीड तास. तेथून घर एक तास. बेरीज साडेसव्वीस तास. यात तिकीट मिळेपर्यंतचा वेळ धरलेला नाही, आणि थेट विमान रोज मिळेलच असेही नाही. वाटेत एक मुक्काम वाढला की तीस-पस्तीस तास सहज होतात. तेव्हा मुलाने ‘निघालो’ म्हटल्यापासून दीड दिवस हा वास्तव हिशेब. मी पाहिले आहे की, अनेक घरांत हा हिशेब आधी माहीत नसल्याने नको ते घडते. इकडची माणसे ‘एवढा वेळ का?’ म्हणून मनात धरतात. तिकडचा मुलगा विमानतळावरच्या खुर्चीत बसून स्वतःला दोष देत राहतो. प्रत्यक्षात दोष कोणाचाच नसतो. वाट तेवढी असते.

म्हणून माझी दोन्ही पिढ्यांना विनंती आहे. हा हिशेब सुखाच्या दिवसांत एकदा शांतपणे मांडून ठेवावा. मुलांनी आपल्या गावाहून घरापर्यंतचा खरा प्रवासकाळ आईवडिलांना सांगावा. आईवडिलांनीही, अशा प्रसंगी थांबावे की थांबू नये याबद्दलची आपली इच्छा मोकळेपणी सांगून ठेवावी. तसे केल्याने मुलाच्या डोक्यावरचे फार मोठे ओझे उतरते.

अंतर

शेवटी माझ्या विषयाकडे, म्हणजे भाषेकडे वळतो. ‘अंतर’ हा शब्द मोठा अर्थपूर्ण आहे. दोन ठिकाणांमधली फारकत म्हणजे अंतर. आणि माणसाच्या आतले, मनातले, तेही अंतर. ‘अंतरीची खूण’ आपण म्हणतोच. एखादे माणूस कायमचे दुरावले की ते ‘अंतरले’ असे म्हणतात, आणि कोणाला टाकू नये या अर्थी ‘अंतर देऊ नये’ असे म्हणतात. दूर असणे वेगळे आणि अंतर देणे वेगळे, हा विवेक मराठीने आपल्या क्रियापदांतच सांभाळून ठेवला आहे.

दिल्ली ते सॅन फ्रान्सिस्को किती दूर, याचे उत्तर सुताने १२,४०० किलोमीटर येते, वाऱ्याने साडेचौदा तास येते, तिकिटाने कधी अडीच तास येते, आणि घरच्या उंबरठ्यापासून उंबरठ्यापर्यंत दीड दिवस येते. चारही उत्तरे खरी आहेत. कोणते कोठे लावायचे ते कळले पाहिजे. गुरुजींनी सुताच्या एका तुकड्याने आम्हांला पहिले उत्तर शिकवले. पुढची तीन शोधण्याची सवयही त्यांनीच लावली, आणि म्हणून या स्मृतिव्याख्यानासाठी हाच विषय मला योग्य वाटला.